घरगुती शेतगाडीसाठी गिअर पंप व मोटर : ओळख आणि मापनिश्चिती

शेतातील माल बांधापर्यंत आणण्यासाठी जुने डिझेल इंजिन, मोडीतील आस व चाके जोडून लहान गाडी तयार करण्याची खटपट होतकरू शेतकरी व फिटर करीत असतात. अशा गाडीस तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक यंत्रणा बसविल्यास एकाच झडपेच्या दांड्याने गाडी पुढे किंवा मागे नेता येते. परंतु मोडीच्या दुकानातून आणलेला पंप योग्य मापाचा नसेल, तर गाडी चढावर अडते, तेल तापते व पैसा वाया जातो. म्हणून खरेदीपूर्वी पंपाची ओळख पटविणे आणि मापाचा हिशेब करणे अगत्याचे आहे.

पंपाचे कार्य

गिअर पंपाच्या घरात एकमेकांत गुंतलेली दोन दातेरी चाके असतात. दात व घराची भिंत यांमधील खाचांत सापडलेले तेल बाहेरील कडेने वाहून नेले जाते. ते दोन चाकांच्या मधून जाते, हा समज चुकीचा आहे. दांड्याच्या एका फेऱ्यात जितके घनसेंटिमीटर तेल पुढे जाते, तितके त्या पंपाचे माप समजावे. मोटरमध्ये हीच क्रिया उलट घडते. दाबाखालील तेल आत येऊन दांडा फिरवते.

येथे एक नियम पक्का ध्यानात ठेवावा. तेलाच्या प्रवाहावर गाडीचा वेग अवलंबून असतो, तर दाबावर तिची ओढ. मोठा पंप बसविल्याने ओढ वाढत नाही.

पंप की मोटर ?

पंपाचे शोषणाचे तोंड सामान्यतः मोठे व दाबाचे तोंड लहान असते. दोन्ही दिशांना फिरणाऱ्या मोटरची दोन्ही तोंडे बहुधा सारखी असतात आणि गळतीचे तेल टाकीकडे नेणारे तिसरे बारीक तोंड असते. एका दिशेच्या पंपात दांड्याच्या सीलमागील गळती आतूनच शोषणाच्या बाजूस जाते. त्या बाजूस दाब आला की सील बाहेर फेकले जाते. गाडीस मागेपुढे जावयाचे असल्याने पंपाचा मोटर म्हणून वापर करू नये. गळतीच्या तोंडाची मोटर घ्यावी व ती नळी सरळ टाकीत सोडावी.

फिरण्याची दिशा ओळखण्यासाठी दांडा आपल्याकडे करून व तो वरच्या अंगास ठेवून पंप धरावा. मोठे तोंड डाव्या हातास आले तर पंप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरणारा, उजव्या हातास आले तर उलट दिशेचा समजावा.

माप काढण्याची रीत

पंपावर कोरलेला आकडा नेहमी घनसेंटिमीटरचाच असतो असे नाही. शंका असल्यास पंप उघडून व्हर्निअर कॅलिपरने तीन मापे घ्यावीत : एका गोल कप्प्याचा व्यास, दोन्ही कप्पे मिळून एकूण लांबी आणि दातेरी चाकाची रुंदी. लांबीतून व्यास वजा करावा. ही पहिली संख्या. व्यासाच्या दुपटीतून लांबी वजा करावी. ही दुसरी संख्या. दोन्ही संख्या व रुंदी यांचा गुणाकार करून त्यास ३ ने गुणावे.

उदाहरणार्थ, व्यास ४.२, लांबी ७.८ व रुंदी २ सेंटिमीटर असल्यास पहिली संख्या ३.६ व दुसरी ०.६ येते. ३.६ × ०.६ × २ × ३ म्हणजे सुमारे १३ घनसेंटिमीटर हे माप झाले.

उघडलेल्या पंपाची झीजही पाहावी. शोषणाच्या बाजूस घरात दिसणारा फिकट, गुळगुळीत पट्टा स्वाभाविक असतो. मात्र बाजूच्या बुशांवर नखास लागतील असे चरे असल्यास पंप घेऊ नये. तो थंडपणी चालेल, पण तेल गरम होऊन पातळ झाले की दाब धरणार नाही.

गाडीचा हिशेब

कोकणातील उताराच्या आंबाबागेत पेट्या वाहणारी गाडी घेऊ. मालासह वजन १,००० किलो, चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर, वेग ताशी ५ किलोमीटर. मऊ जमिनीच्या रोधासाठी वजनाचा दहावा भाग आणि दहास एक चढासाठी आणखी दहावा भाग धरला, तर २०० किलो ओढ लागते. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर असल्याने पीळ ६० किलो-मीटर होतो व चाक मिनिटास सुमारे ४४ फेरे घेते.

गिअर मोटर इतक्या मंद गतीने नीट चालत नाही. म्हणून २० पट वेग कमी करणारी गिअरपेटी घ्यावी. मोटर ८८० फेऱ्यांनी फिरेल आणि पेटीतील घट धरून तिला ३.५ किलो-मीटर पीळ द्यावा लागेल.

मोटरचे माप : पीळ × ६२८ ÷ (दाब × ०.८५). दर चौरस सेंटिमीटरला १२० किलो दाब धरल्यास उत्तर सुमारे २२ घनसेंटिमीटर येते.

तेलाचा प्रवाह : २२ × ८८० ÷ १,००० ÷ ०.९, म्हणजे मिनिटास सुमारे २१.५ लिटर.

पंपाचे माप : इंजिन १,५०० फेऱ्यांचे असल्यास २१.५ × १,००० ÷ (१,५०० × ०.९), म्हणजे सुमारे १६ घनसेंटिमीटर.

लागणारी अश्वशक्ती : दाब × प्रवाह ÷ ४५० ÷ ०.८५, म्हणजे सुमारे ६.७. त्यामुळे ८ अश्वशक्तीचे इंजिन पुरेसे होईल.

वर मोजलेला १३ घनसेंटिमीटरचा पंप याच गाडीस लावला तर ओढ तितकीच राहील, पण वेग ताशी ४ किलोमीटरवर येईल. बागेतील कामास तो चालण्यासारखा आहे. हिशेब येत असल्यास नवा पंप घेण्याचा खर्च असा वाचू शकतो.

जोडणी व सुरक्षितता

शोषणाची नळी एक इंची व आखूड, दाबाची अर्धा इंची आणि त्या दाबास योग्य अशी उच्चदाबाची असावी. पाण्याची रबरी नळी कदापि वापरू नये. टाकी ५० ते ६० लिटरची ठेवून तेल गाळून भरावे. पंपाच्या दांड्यावर पट्ट्याचा आडवा ताण येऊ न देता तो कपलिंगने जोडावा. पंपानंतर लगेच रिलीफ व्हॉल्व्ह बसवून तो दाबमापकावर पाहून लावावा.

झडप बंद केली तरी गिअर मोटर उतारावर गाडी रोखून धरत नाही. आतील गळतीमुळे गाडी हळूहळू घसरू लागते. यासाठी चाकांवर स्वतंत्र यांत्रिक ब्रेक हवाच. बारीक गळती हाताने चाचपू नये. दाबाखालील तेलाची सूक्ष्म धार कातडीत शिरून गंभीर इजा करते. अशा वेळी जखम लहान दिसली तरी रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे.

ही गाडी शेताच्या हद्दीतच वापरावी. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये नोंदणीविना मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गाडी बांधणाऱ्या शेतकऱ्यास प्रथम वजन, चढ व वेग हे तीन आकडे कागदावर मांडावयास सांगावे. त्यांवरून मोटर ठरवावी, मोटरवरून पंप व पंपावरून इंजिन. हा क्रम पाळून आणि ब्रेकची परीक्षा रिकाम्या गाडीवर, सौम्य उतारावर घेऊन मगच गाडीत माल भरावा.