सायकल अपघातातून घ्यावयाचा बोध

अहवाल वर्षात कौंडण्यपूर परिसरातील एक शाळकरी मुलगा सायकलवरून पडला व स्वतःच उठून घरी गेला. सायंकाळी उलट्या व गुंगी सुरू झाली. ‘थकला असेल, झोपू द्या’ असे शेजारी म्हणत असता आईने त्यास आमच्याकडे आणले. कवटीच्या आत रक्तस्राव होत असल्याचा संशय येताच आम्ही त्यास अमरावतीस पाठविले. वेळीच शस्त्रक्रिया झाली. पुढे कित्येक आठवडे थकवा, विसराळूपणा व चिडचिड राहिली. घरच्यांनी धीर धरला. आज तो पुन्हा शाळेत जात आहे.

बोध असा : डोक्यास मार लागलेला मनुष्य चालता-बोलता असला, तरी पहिले २४ तास त्यास एकटे सोडू नये. उलटी, वाढती डोकेदुखी वा गुंगी दिसताच १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. सायकलस्वारानेही हेल्मेट अवश्य वापरावे.