‘सांगत्ये ऐका’ : बालपणाची साक्ष आणि वडीलधाऱ्यांचे मौन

हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन १९७० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. प्रथम ‘माणूस’मधून वाचकांपुढे आलेल्या या निवेदनाचे शब्दांकन अरुण साधू यांचे. ‘एका नटीचे धाडसी कथन’ याच अंगाने त्याकडे प्रामुख्याने पाहिले गेले. मद्यपान, विवाहबाह्य संबंध, प्रसिद्धी यांतच वाचक गुंतला आणि बालपणाची पाने प्रास्ताविकासारखी ओलांडली गेली. वस्तुतः या संहितेचा गाभा तेथेच आहे.

हंसाबाईंचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म १९२३ चा, ‘विजयाची लग्ने’ हा चित्रपट १९३६ चा. म्हणजे तेराव्या वर्षाच्या सुमारास ही मुलगी घरातील मिळवती झाली होती. पुढे कोवळ्या वयातच, वयाने मोठ्या असलेल्या जगन्नाथ बंदरकर यांच्याशी विवाह झाला. संसार करण्याची ओढ असूनही चित्रपटातील काम सुटले नाही. पालक बदलले, मिळकतीचा हिशेब तोच राहिला.

निवेदिका या माणसांवर फिर्याद मांडत नाही. दोष ती पुष्कळदा स्वतःच्या हट्टी स्वभावाकडे घेते. समीक्षकाने हा स्वभावाचा पुरावा मानणे चूक ठरेल. ज्या मुलीचे ऐकून घेणारे कोणी नसते, तिला घडलेल्या गोष्टीचे कारण स्वतःतच शोधावे लागते. प्रौढपणी एका दंडाधिकाऱ्याने केलेल्या बलात्काराची हकीकतही तिने सांगितली आहे. रक्षणाचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याकडूनच अपाय, हे सूत्र बालपणापासूनचे आहे.

शब्दांकनात मूळ आवाज कितपत उरला, ही शंका रास्तच. तथापि शीर्षकातील ‘सांगत्ये’ हे बोलीरूप आणि ‘ऐका’ ही आज्ञार्थी विनवणी दुर्लक्षिता येत नाही. हे शीर्षक तिची भूमिका असलेल्या, अनंत माने यांच्या १९५९ च्या चित्रपटाचे. पण आत्मकथनावर येताच त्याचा रोख बदलतो. येथे श्रोता उशिरा मिळालेला आहे.

दोष स्त्रीच्याच माथी मारणाऱ्या समाजाला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’मधून १८८२ मध्येच जाब विचारला होता. त्याच जिल्ह्यातील देऊळगाव राजासारख्या गावी या दोन संहिता शेजारी ठेवून शिकवता येतील. ताराबाई वाद घालतात. हंसाबाई केवळ व्यवहार सांगतात. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बालकावरील लैंगिक अत्याचार ठाऊक असणाऱ्यावर तो कळवण्याचे बंधन घातले. ‘कोणाला काय ठाऊक होते?’ हा त्यामागील प्रश्न हाती धरून विद्यार्थ्यांनी हंसाबाईंची आरंभीची पाने पुन्हा वाचावीत.