हातांतली ज्योत

दोन हातांनी जपलेली ज्योत तुम्ही पाहिली असेल. ते भारतीय आयुर्विमा महामंडळाचे बोधचिन्ह आहे.

पूर्वी इंग्रज विमा कंपन्या भारतीयांकडून जादा हप्ता घेत. १८७० साली मुंबईत निघालेल्या 'बॉम्बे म्युच्युअल'ने सर्वांना सारखाच दर लावला. पुढे काही कंपन्या बुडाल्या. लोकांची पुंजी गेली. म्हणून १ सप्टेंबर १९५६ रोजी सरकारने २४५ संस्था एकत्र करून हे महामंडळ स्थापले.

पण लवकरच महामंडळाचा पैसा मुंद्रा यांच्या अडचणीतल्या कंपन्यांत गुंतवल्याचे उघड झाले. न्यायमूर्ती छागला यांनी लोकांसमोर चौकशी केली. १९५८ साली अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

मित्रांनो, विमा म्हणजे वचन. हिशोब उघडा असेल, तरच विश्वास टिकतो.

शब्दार्थ : हप्ता – किस्त, चौकशी – तहकीकात, विश्वास – एतबार.

प्रश्न : महामंडळ का स्थापन झाले?