आधी सगळं तोंड बघायचं

जळकोटसारख्या तालुक्याच्या गावी दातांच्या डॉक्टरकडे माणूस येतो तो दाढ काढायला. बाजाराच्या दिवशी तर एका हातात पिशवी आणि दुसरा हात गालावर, अशीच माणसं बाकावर दिसतात. बालाघाटाच्या डोंगरातल्या वाड्या-तांड्यांवरून आलेली ही माणसं. "एवढी दाढ तेवढी काढा डॉक्टर, गाडी सुटंल," एवढीच त्यांची मागणी. पण दाढेशेजारी गाल असतो, जीभ असते, टाळू असतो, खाली जबड्याचं हाड असतं, आणि जिवावर बेतणारे आजार बहुतेक तिथंच असतात. या भागात काम करताना जे पक्कं होत गेलं, ते लिहितो आहे.

१. दुखणारी दाढ सगळ्यांत शेवटी

दाढेकडे आधी गेलं की डोळे तिथंच अडकतात. म्हणून क्रम ठरवून टाकलेला बरा. माणूस बोलत असतानाच त्याचा चेहरा बघायचा. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, तोंड उघडताना हनुवटी एकीकडे सरकते का. मग आरशाने एकेक गाल बाजूला ओढून गाल आणि हिरडी यांच्यामधली खोबण पार मागपर्यंत बघायची, कारण तंबाखूचा बार तिथंच धरलेला असतो. जिभेचं टोक गॉजच्या तुकड्यात पकडून ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढायची; एरवी जिभेची मागची कड दिसतच नाही. जीभ टाळूला लावायला सांगून तिच्याखालची जागा, मग टाळू, मग घसा. शेवटी ग्लोव्ह घातलेलं एक बोट तोंडात आणि दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखाली, असा तोंडाचा तळ चाचपायचा आणि मानेतल्या गाठी बघायच्या. डोळ्याला न दिसलेला कडकपणा बोटाला लागतो. हे सगळं दोन-तीन मिनिटांत होतं, आणि त्याला चांगल्या उजेडापलीकडे काही लागत नाही.

नुसत्या बघण्याने जीव वाचतात याला पुरावा आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासली. २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्या लोकांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. तपासणारे डॉक्टर नव्हते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडेही तिशीपुढच्या माणसांच्या तपासणीत रक्तदाब आणि साखरेबरोबर तोंडाची तपासणी धरलेली आहे, आशाताईंच्या फॉर्मवर तोंडाचे प्रश्न आहेत. फॉर्म भरताना समोरच्याला 'आ' करायला लावून टॉर्चने बघाच, असं मी भेटेल त्या आशाताईला सांगतो.

२. 'तिखट सोसंना' हे वाक्य वरवर घ्यायचं नाही

विशी-पंचविशीतलं पोरगं येतं. "डॉक्टर, जेवताना तोंड लई आग करायलंय. ठेचा तर लावूच वाटंना." कोणी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिलेल्या असतात, कोणी उष्णता झाली म्हणून गुलकंद सांगितलेला असतो. मी त्याला म्हणतो, "बाळा, तुझीच तीन बोटं एकावर एक धर आणि समोरच्या दातांत घाल." निरोगी माणसाची तीन बोटं जातात. याची दोन जातात, कधी एकच. गाल आतून फिकट पडलेला असतो आणि त्यावरून बोट फिरवलं की अस्तराखाली उभ्या, ताठ पट्ट्या लागतात.

हा सबम्यूकस फायब्रोसिस. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय बायकांमध्ये तो नोंदवला आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी इथल्या रुग्णांत त्याचं वर्णन केलं. मूळ सुपारीत आहे. सुपारीतला अरेकोलिन अस्तराखालच्या पेशींना जास्तीचे तंतू बनवायला लावतो आणि बनलेले तंतू नीट मोडूही देत नाही. गाल आवळत जातो, तोंड उघडेनासं होतं. तंबाखू नसलेली साधी सुपारी चालते, हा समज म्हणूनच घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना खाल्लेली सुपारीसुद्धा कॅन्सरकारक ठरवली, त्याला वीस वर्षं होऊन गेली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी मिळते, हे माझ्यासमोर उघडणारी तोंडंच सांगतात. नववी-दहावीतली पोरं या आजाराने येतात तेव्हा मन खवळतं.

उपचारात पहिली गोष्ट पुडी. ती सुटली नाही तर बाकी सगळं वाया. सुटली, तर गालात स्टेरॉइड आणि हायल्युरोनिडेजची इंजेक्शनं देता येतात, आणि घरी व्यायाम. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून मागच्या दातांत धरायच्या, काही दिवसांनी एक वाढवायची. दर भेटीला समोरच्या दातांतलं अंतर मी मिलिमीटरच्या पट्टीने मोजतो आणि तो आकडा त्याच्याच हाताने कार्डावर लिहायला लावतो. अठ्ठावीसचे एकतीस झाले की पोरगं पुढच्या वेळी न बोलावता येतं. तोंड फारच आवळलं असेल तर मग शस्त्रक्रिया. मात्र एक गोष्ट लपवायची नाही: पट्ट्या पूर्ण विरत नाहीत आणि पुढचा धोका राहतो. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या ६६ रुग्णांचा १७ वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला, त्यातल्या ७.६ टक्के लोकांना तोंडाचा कॅन्सर झाला. म्हणून सवय सुटल्यावरही या माणसांनी तोंड दाखवत राहायला हवं.

३. न दुखणारी जखम जास्त धोक्याची

तोंड आलं की माणूस कळवळतो, आणि ते आठ-दहा दिवसांत बरंही होतं. कॅन्सरची सुरुवात बहुतेकदा बिनदुखण्याची असते. खरवडून न निघणारा पांढरा डाग, त्याहून वाईट म्हणजे मखमली लाल डाग, कडा टणक झालेली जखम. दोन आठवड्यांत न भरलेली कुठलीही जखम तपासायचीच, हा नियम मी कोणासाठी मोडत नाही. टोकदार दात लागून जिभेला जखम झाली असेल तर तो दात घासून गुळगुळीत करायचा आणि चौदा दिवसांनी परत बोलवायचं. भरली नाही तर थांबायचं नाही. बाकी सगळे दात घट्ट आणि एकच दाढ खिळखिळी, तिच्याभोवतीची हिरडी मांसल वाढलेली, असं दिसलं तर चिमटा बाजूला ठेवून आधी एक्स-रे. गाठीतून उपटलेल्या दाढेचा खड्डा भरत नाही आणि आजाराला वाट मिळते.

बायकांच्या बाबतीत विचारण्याची पद्धत बदलावी लागते. "काही व्यसन?" असं विचारलं की मावशी चटकन म्हणतात, "न्हाई वो, मला कशाचं यसन?" आणि खरंच त्यांच्या लेखी ते व्यसन नसतं. "मावशी, मिसरी दिवसातून किती वेळा लावता?" असं विचारलं की उत्तर मिळतं. सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, रानातून आल्यावर. काहींना तर मिसरी लावल्याबिगर पोट साफ होत नाही. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली ही तंबाखूच. बोटाने हिरडीवर घासून तिथंच ठेवलेली. मावशीला रागावून काही होत नाही. तिच्या हातात आरसा देऊन हिरडीवरचा डाग तिला दाखवला, तर पुढच्या वेळी ती जावेलाही घेऊन येते.

४. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही

"सुरी लावली की आजार उसळतो," ही भीती या भागात घरोघर आहे. ती कुठून आली तेही कळतं. माणूस फार उशिरा गेलेला, तपासणीसाठी तुकडा काढला आणि तीन महिन्यांत तो वारला. घरच्यांच्या लक्षात राहिली ती सुरी. म्हणून मी घाई करत नाही. बाटली दाखवतो, फॉर्मालिन दाखवतो, हरभऱ्याच्या डाळीएवढाच तुकडा काढणार असं सांगतो. तो जखमेच्या मधून घेत नाहीत, कारण तिथे सडलेला भाग जास्त येतो. कडेवरून थोडी चांगली कातडी धरून घेतात. बाटलीवर नाव, जागा आणि बाजू लिहायची. सोबत माणसाची सवय आणि आपल्याला आलेली शंकाही लिहायची, सूक्ष्मदर्शकातून बघणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. निदान कागदावर आल्याशिवाय कॅन्सरचा कोणताही उपचार सुरू होत नाही, हे घरातल्या मोठ्या माणसाला समोर बसवून सांगावं लागतं.

५. दुखतं तिथंच दुखणं असतं असं नाही

चेहऱ्याच्या नसेचा एक आजार आहे, ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया. तोंड धुताना, दाढी करताना, नुसता वारा लागला तरी काही सेकंद करंट बसतो आणि थांबतो. माणसाला खात्री असते की दाढच. एक काढली, दुसरी काढली, कळ तशीच. अशी बाजूची बाजू रिकामी करून आलेले रुग्ण मी बघितले आहेत. कीड नाही, दात हलत नाही, ठोकून दुखत नाही, तर दाताला हात लावायचा नाही. कार्बामॅझेपिनसारख्या औषधाने ही कळ बहुतेकांची उतरते.

आणि चालताना, चढ चढताना डावा जबडा दुखतो, बसलं की थांबतो, सोबत घाम येतो, असं कोणी सांगितलं तर खुर्चीवरून उठवून आधी ईसीजी.

६. सूज शेकायची नाही

खालच्या मागच्या दाढांची मुळं जबड्यात खोल असतात. तिथला पू आतून जिभेखाली आणि गळ्यात उतरू शकतो. याचं वर्णन १८३६ मध्ये लुडविग यांनी केलं, आजही माणसं याने दगावतात. मेडिकलवरून दोन गोळ्या, रात्री विटेचा शेक, आणि सकाळी दोन्ही बाजूंना सुजलेली हनुवटी. थुंकी गिळता येत नाही, जीभ वर उचललेली, आवाज बदललेला, अशी लक्षणं दिसली तर गावात थांबायचंच नाही, श्वास कोंडायच्या आत मोठ्या रुग्णालयात पोचायचं. जाताना माणसाला आडवं झोपवू नका, बसवून न्या.

७. निखळलेला जबडा म्हणजे लकवा नव्हे

जांभई देताना तोंड उघडतं ते मिटतच नाही. घरचे घाबरून लकवा समजतात. लकव्यात तोंड एकीकडे ओढलं जातं. जबडा निखळला की तोंड उघडंच राहतं, लाळ गळते, कानापुढे खड्डा दिसतो. माणसाला खाली बसवून डोकं भिंतीला टेकवायचं, अंगठ्यांना गॉज गुंडाळून ते खालच्या दाढांवर ठेवायचे, आधी खाली दाबायचं, मग मागे ढकलायचं. हिपॉक्रेटिसच्या काळापासून रीत हीच आहे. जबडा बसला की दात पटकन मिटतात, म्हणून अंगठे तितक्याच चपळाईने बाहेर घ्यायचे. पुढे काही आठवडे जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची आणि मऊ भात खायचा.

८. साखर तपासल्याशिवाय हिरडीवर विश्वास नको

२०२१ मध्ये कोरोनातून उठलेली माणसं वरच्या दाढा हलतात म्हणून येऊ लागली. गाल बधिर, टाळूवर काळा डाग. काळी बुरशी. साखर वाढलेली, त्यात स्टेरॉइड घेतलेलं, आणि बुरशीने वरच्या जबड्याचं हाड खाल्लेलं. अँफोटेरिसिन-बीसाठी लोकांनी जिल्हे पालथे घातले. जे वाचले त्यांतल्या अनेकांचा टाळू गेला. टाळूचं भोक झाकणारी प्लेट बसवली की पाणी नाकातून येणं थांबतं, बोलणं समजतं. तेव्हापासून चाळिशीतल्या माणसाचे दात कारण नसताना हलत असतील, तर मी हातात आधी ग्लुकोमीटर घेतो. हिरडीवरून मधुमेह पहिल्यांदा उघडकीला आलेली माणसं इथं बरीच आहेत.

९. चिठ्ठी देऊन काम संपत नाही

मोठं निदान झालं की लातूर किंवा नांदेडच्या शासकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, नाहीतर परळचं टाटा. इथल्या माणसाला हे सगळंच लांब. त्यात उसाचं वेळापत्रक. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडेस्तोवर माणूस हाती लागत नाही. तोवर दोन सेंटिमीटरची गाठ चार-पाचाची होते. म्हणून दसऱ्याच्या आधीचे दोन महिने मी तांड्यांवर तोंडं बघायला जातो, आणि संशय असला तर मुकादमाशी स्वतः फोनवर बोलतो. बहुतेक मुकादम ऐकतात.

चिठ्ठीसोबत रेशनकार्ड आणि आधार पिशवीत घातलंय ना, बघायचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया बसते, पण कागदाअभावी फेरी वाया जाते. आणि तिथे विचारले जाणारे प्रश्न आधीच उलगडून सांगायचे. हमखास येणारा प्रश्न: "आजार तोंडात, अन् मान कशाला कापायलेत?" त्याचं उत्तर टाटा रुग्णालयातच मिळालेलं आहे. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतल्या गाठी काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनंतर जिवंत होते. गाठ दिसल्यावर मग काढू म्हणून थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. हे दोन आकडे सांगितले की घरचे सही करायला तयार होतात.

शस्त्रक्रिया होऊन आलेल्याच्या तोंडात दुसऱ्या जागी नवा आजार निघू शकतो, कारण तंबाखू सगळ्या तोंडाला लागलेली असते. त्याला दर तपासणीची तारीख सणावर बांधून देतो: पोळा, दिवाळी, पाडवा. ऊसतोडीला जाणारा असेल तर दिवाळी-पाडवा जमत नाही, तेव्हा जाण्याआधी एकदा, आणि पट्टा पडून गाडी जळकोटला आली की सामान घरी टाकायच्या आधी एकदा. त्याच्या बायकोला सांगून ठेवतो, ती विसरत नाही.