फेवर-ल्यूबा बाळगायचं तर

खानदेशात एके काळी जावयाला लग्नात घड्याळ देत, आणि सासरा ऐपतीचा असला तर ते फेवर-ल्यूबा असे. आमच्या आबांचं ‘सी-किंग’ आता माझ्या मनगटावर आहे. ते वापरताना, आणि रावेर-सावद्याच्या ओळखीच्यांना जुनी घड्याळं पारखून देताना जे कळलं, ते सांगतो.

१. आधी घराणं ओळखा. १७३७ साली स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावी अब्राहम फावर यांच्यापासून याची सुरुवात झाली, आणि १८६५ पासून ही घड्याळं मुंबईत येऊ लागली. रोलेक्सपेक्षा स्वस्त, म्हणून कमअस्सल नव्हे. उंची आणि हवेचा दाब दाखवणारं ‘बिव्हुआक’ हे मनगटी घड्याळ १९६२ मध्ये यांनीच काढलं.

२. जुनं घेताना सगळं लक्ष तबकडीवर ठेवा. बाजारातल्या बऱ्याच सी-किंगच्या तबकड्या नव्यानं रंगवलेल्या असतात. झगझगीत लाल, हिरवा, निळा रंग दिसला की भिंग काढा. मूळ छपाई बारीक आणि रेखीव असते. रंगवलेल्या तबकडीवर अक्षरं जाड, शाई पसरलेली, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी न जुळणाऱ्या. सहाच्या खाली असणारं ‘स्विस मेड’ कधी वाकडं, कधी गायबच. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं वापरलं जातं याचं मला वाईट वाटतं, पण ते आपल्याच बाजारानं ओढवून घेतलंय. डाग पडलेली, पिवळी झालेली मूळ तबकडी हजारदा बरी.

३. मागचं झाकण उघडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. यंत्रावर कंपनीचं नाव हवं, गंज नको.

४. चावी रोज ठरल्या वेळी, घड्याळ हातातून काढून द्या. अडली की थांबा. मागेपुढे होण्याची चिंता नको. क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या घड्याळालाही दिवसाला ४ सेकंद मागे किंवा ६ सेकंद पुढे जाण्याची मुभा असते. मात्र एकाएकी भलतंच पुढे पळू लागलं तर चुंबकाचा परिणाम समजा. मोबाइलचं चुंबकी कव्हर, स्पीकर यांपासून दूर ठेवा. घड्याळात शिरलेलं चुंबकत्व घड्याळजी काही क्षणांत उतरवून देतो.

५. केळीच्या बागेत ते घालू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. जुन्या घड्याळाचं सील सुकलेलं असतं, चावीच्या दांड्याकडून घाम आत शिरतो, आणि एका पावसाळ्यात यंत्र गंजतं. काचेच्या आतून वाफ धरली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

६. नवं घ्यायचं असेल तर एवढं माहीत असू द्या: जपानी क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेनंतर कंपनीला उतरती कळा लागली, २०११ मध्ये टायटननं ती घेतली, २०२३ मध्ये ती इथॉसकडे गेली आणि २०२४ मध्ये नवी मॉडेलं आली. ‘स्विस मेड’ लिहायला २०१७ पासून उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला लागतो, म्हणजे सगळे सुटे भाग तिथलेच असतील असं नाही. बिल आणि गॅरंटी कार्ड यांवरचा नंबर घड्याळाच्या नंबराशी ताडून बघा. गुंतवणूक म्हणून घेऊ नका, घालायला घ्या.

७. घरात एखादं बंद सी-किंग पडलं असेल तर ते मोडीत घालू नका. चावीची घड्याळं उघडणारे हात कमी होत चाललेत, म्हणून आताच एखाद्या जुन्या घड्याळजीकडे न्या. साफसफाई, तेलपाणी करून घ्या, आणि तबकडीला हात लावायचा नाही, हे आधीच बजावा.