बाक आणि वृक्ष



आपल्या जिल्ह्यातील नवापूर रेल्वे स्थानकावर एक बाक आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत मोडतो. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली, आणि सीमारेषा या स्थानकातूनच गेली. प्रवासी मोठ्या कौतुकाने त्या बाकावर बसतात, तेथून उठून आपापल्या वाटेने जातात. मला मात्र कोणतेही बाक पाहिले की निराळाच प्रश्न सुचतो. आपण ज्यावर बसतो, निजतो, लिहितो, त्या वस्तू कोणत्या वृक्षापासून झाल्या, तो वृक्ष वाढण्यास किती वर्षे लागली, आणि ती वस्तू किती वर्षे टिकणार? आजचा पाठ याच प्रश्नाविषयी आहे.

प्रथम आपल्या ओळखीचा साग घेऊ. नवापूर, तळोदे, अक्कलकुवा या भागांतील मुलांस त्याची मोठाली पाने व पावसाळ्यातील पांढरा फुलोरा सांगावयास नको. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते. म्हणून वाळवी त्यास सहसा शिवत नाही व पाणी लवकर बाधत नाही. परंतु उत्तम इमारती लाकूड देण्यास सागाला साठ वर्षे व त्याहूनही अधिक काळ लागतो. ज्या वर्षी महाराष्ट्र राज्य जन्मास आले, त्या वर्षी लाविलेला साग आज कोठे पुरत्या कामास येईल!

आता हिशेब करा. साठ वर्षांच्या वृक्षाची खुर्ची वीस वर्षांत मोडली, तर नवा वृक्ष वाढेपर्यंत आपणांस तीन खुर्च्या लागतील. म्हणजे एक वृक्ष वाढतो तोवर तिघांवर कुऱ्हाड पडणार. असा व्यवहार म्हणजे बियाण्याचे जोंधळे दळून खाणे होय. यावरून एक साधा नियम निघतो: वृक्षाला वाढण्यास जितकी वर्षे लागली, निदान तितकी वर्षे त्याची वस्तू टिकली पाहिजे. हा नियम पाळला तर वनही राहील व घरातील सामानही राहील.

हे अशक्य आहे काय? मुळीच नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ नामक युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. दोन शतके उलटली, तरी ती इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अद्याप पाण्यावर आहे. उलटपक्षी, १८५३ साली मुंबई ते ठाणे आगगाडी धावू लागल्यानंतर देशभर रूळांखालच्या आडव्या लाकडांसाठी जंगलांची अपरिमित तोड झाली. अखेरीस १८६४ साली वनखाते स्थापून डिट्रिख ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञास त्याचा मुख्य नेमावे लागले. वन आधी संपत आले, आणि शहाणपण मागाहून सुचले.

आपल्या पवित्र शास्त्रातही या विषयी बोध आहे. निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वराने आपला कोश बाभळीच्या लाकडाचा करण्याची आज्ञा दिली. रानात जे झाड जवळ होते, तेच पवित्र कार्यास पुरेसे ठरले. आपल्या शेताच्या बांधावरील बाभळीस आपण हलकी लेखतो. पण खानदेशच्या बैलगाड्या व औते पिढ्यान्पिढ्या तिच्याच बळावर चालली. तसेच अनुवादाच्या विसाव्या अध्यायात, शत्रूच्या नगराला वेढा पडला असताही फळझाडांवर कुऱ्हाड घालू नये, असा निर्बंध आहे. युद्धात जे वर्ज्य, ते शांततेच्या काळी केवळ हौसेखातर कसे क्षम्य व्हावे? आणि ज्या प्रभूची आपण सेवा करतो, तो स्वतः नासरेथात सुतार होता, हेही विसरू नये.

टिकाऊपणा केवळ लाकडात नसतो, घडणीतही असतो. जुना सुतार एका लाकडाची कूस दुसऱ्याच्या खाचेत बसवी व वर लाकडी खुंटी ठोकी. असा सांधा ढिला झाला तर उकलून पुन्हा बसविता येतो. एकदा आमच्या वर्गातील एक बाक लंगडे झाले, तेव्हा मुलांनी ते सरपणात घालण्याचे ठरविले. सुतारदादांनी पटाशीने सांधा साफ केला, नवी खुंटी ठोकली, रंधा फिरविला. तासाभरात बाक उभे राहिले. रंध्याखालून सागाचा सोनेरी रंग निघाला, तेव्हा मुले चकित झाली.

याउलट, हल्ली लग्नसराईत अनेक पालक हप्त्यांवर चकचकीत पलंग व कपाटे घेतात. त्यांतील पुष्कळ सामान भुसा व डिंक दाबून केलेल्या फळ्यांचे असते. भुसा किंवा उसाची चिपाडे वाया न घालविता फळी करावी, हा विचार चांगलाच आहे. परंतु हलक्या प्रतीच्या फळीत पाणी शिरले की ती फुगते, स्क्रू एकदा निघाला की पुन्हा धरत नाही. शिवाय काही डिंकांतून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. तो कर्करोगास कारण होतो असे आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली निश्चित केले. हप्ते फिटण्यापूर्वीच कपाट मोडावे, हा कोणता काटकसरीचा मार्ग?

मग गरिबाने काय करावे? सातपुड्याने याचे उत्तर दिले आहे: बांबू. मानवेलीचा कोंब काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो व सुमारे तीन वर्षांत पक्का होतो. पावसाळ्यात कोंबांस हात न लावता, पावसाळा सरल्यावर पक्के बांबूच तोडले, तर बेट नवे कोंब देत राहते. भुंगेरे बांबूतील पिष्टावर जगतात. म्हणून बांबू वाहत्या पाण्यात भिजवितात अथवा टाकणखार व बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवितात. १९२७ च्या वनकायद्याने बांबूस वृक्ष मानले होते; २०१७ साली वनाबाहेरील बांबू त्या व्याख्येतून वगळला गेला. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये वनातील बांबू गौण वनोपज ठरला, आणि २०११ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावास तो स्वतः विकण्याचा अधिकार प्रत्यक्ष मिळाला. मेळघाटात लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे या दांपत्याने कोरकू तरुणांस बांबूच्या वस्तू घडविण्यास शिकविले. आपल्या जिल्ह्यातील कोटवाळिया बांधव टोपल्या, सुपे व तट्टे विणण्यात निष्णात आहेतच. त्या हातांस खुर्ची-मेजाचे शिक्षण मिळाले, तर काय होणार नाही?

हे मी केवळ वनाच्या काळजीने लिहीत नाही. दिवाळी सरली की आपल्या वर्गांतील काही बाके रिकामी पडतात. त्यांवर बसणारी मुले आईबापांसोबत ऊसतोडीस गुजरातेत गेलेली असतात. घराजवळच्या बेटातून घरीच मजुरी मिळाली, तर त्यांतील काही मुले तरी शाळेत राहतील. बाक सागाचे असो वा बाभळीचे, त्यावर मूल नसेल तर ते वाया गेलेलेच लाकूड समजावे.

पालकांस एक विनंती: लाकूड स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, ते कोठून आले, त्याचा वाहतूक परवाना आहे काय, हे विचारा. स्वतःच्या शेतातील साग तोडण्यासही परवानगी लागते, हेही ध्यानात असू द्या.

विद्यार्थ्यांस सुट्टीतील अभ्यास: घरातील सर्वांत जुनी लाकडी वस्तू शोधा. ती कोणत्या झाडाची, कोणी घडविली, कितीदा दुरुस्त झाली, हे आजोबा-आजींस विचारून एका पानावर लिहून आणा. आणि पहिला पाऊस पडताच त्याच जातीचे एक रोप लावा. त्याचे लाकूड कदाचित तुमच्या वाट्यास येणार नाही. जे तुम्ही आज वापरता, तेही लावणाऱ्याच्या वाट्यास आले नव्हते.