बेडकाचा पाय

आजचा धडा एका लहानशा वस्तूवर आहे. ती वस्तू म्हणजे बेडकाचा पाय. तुम्ही म्हणाल, "त्यात शिकायचं काय? बेडूक तर रोजचाच!" पण या पायाने शास्त्रज्ञांना वाट दाखवली, व्यापाऱ्यांना पैसा दिला आणि शेतकऱ्यांना एक धडाही शिकवला. तो कसा, ते पाहू.

पाय कसा असतो?

मृगाचा पाऊस पडला की बेडूक जमिनीतून वर येतात आणि रात्रभर डराँव डराँव करतात. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. तिने नवी मुंबईचे शहर वसवायला घेतले. त्याआधी बेलापूर, नेरूळ, तुर्भे, घणसोली या गावांभोवती भाताची खाचरे व मिठागरे होती. आता तेथे इमारती आहेत. तरी गावची तळी, नाले आणि डोंगराच्या पायथ्याची डबकी आहेत. पनवेल-उरणकडे काही ठिकाणी भातही लावतात. जेथे गोडे पाणी, तेथे बेडूक.

बेडूक जवळून पाहा. त्याला पुढे दोन आखूड पाय आहेत व मागे दोन लांब पाय आहेत. पुढच्या पायाला चार बोटे, मागच्या पायाला पाच. मागच्या बोटांमध्ये पातळ पडदा असतो. त्याने तो पाणी मागे लोटतो. मागच्या पायाचे मांडी, पिंढरी आणि लांब पाऊल असे तीन भाग असतात. हे तिन्ही भाग एकावर एक दुमडून तो बसतो. गलोलीचे रबर ताणून सोडावे, तसा हा पाय एकदम उघडतो आणि बेडूक दूर जाऊन पडतो.

बेडकाचे पिल्लू मात्र बिनपायाचे असते. ते माशासारखे शेपटीने पोहते. पुढे मागचे पाय फुटतात, मग पुढचे. शेवटी शेपटी जिरून जाते.

पाय आणि वीज

इटली देशात बोलोन्या नावाचे शहर आहे. तेथे लुईजी गॅल्व्हानी नावाचे डॉक्टर होते. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी ते मेलेल्या बेडकाचे पाय घेऊन प्रयोग करीत. विजेची ठिणगी पडली आणि त्याच वेळी धातूची सुरी पायाच्या नसेला लागली, की मेलेला पाय आखडे! पुढे त्यांनी दोन निरनिराळ्या धातू पायाला जोडून पाहिल्या. ठिणगी नव्हती, तरी पाय हलला. १७९१ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केले. ते म्हणाले, "वीज प्राण्याच्या अंगात आहे."

दुसरे शास्त्रज्ञ व्होल्टा म्हणाले, "नाही, वीज दोन धातूंमुळे येते." ते सिद्ध करण्यासाठी त्यांनी दोन धातूंच्या चकत्या एकावर एक रचल्या. मध्ये खारट पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवले. त्यातून वीज वाहू लागली. हे साल १८००. ही पहिली बॅटरी.

आज आपल्याला ठाऊक आहे की नसांतून आणि स्नायूंतून बारीकशी वीज खरोखरच जाते. म्हणजे दोघांच्याही बोलण्यात काही तथ्य होते. तुमच्या टॉर्चचा सेल हातात घ्या आणि त्यावरची अक्षरे वाचा. '१.५ व्होल्ट' असे लिहिलेले असते. हा व्होल्ट शब्द व्होल्टांच्या नावावरून आला. छपराच्या जी.आय. पत्र्यातला 'जी' म्हणजे गॅल्व्हनाइज्ड. तो शब्द गॅल्व्हानींच्या नावावरून आला. बेडकाचा पाय असा आपल्या घरात शिरला आहे.

पाय आणि पैसा

परदेशात, विशेषतः फ्रान्समध्ये, बेडकाचे मागचे पाय आवडीने खातात. आपल्याकडून हे पाय बर्फात घालून परदेशी पाठवत. तोट्याचे काय? डबक्यातले बेडूक फुकट, मजुरी थोडी, भाव चांगला! पहिल्या पावसात मोठे नर बेडूक पिवळेधमक होतात. त्यांचा आवाज दुरून कळतो. बत्तीच्या उजेडात ते दिपून जागीच बसतात. पकडायला सोपे. दोन पाय कापून घेत आणि बाकीचा बेडूक टाकून देत. अनेकदा पाय कापताना बेडूक जिवंत असे.

१९८१ साली चार हजार टनांहून अधिक पाय देशाबाहेर गेले. आता हिशेब करू. चार हजार टन म्हणजे चाळीस लाख किलो. समजा, एका बेडकाच्या दोन पायांचे वजन १०० ग्रॅम. म्हणजे एका किलोला दहा बेडूक. मग चाळीस लाख किलोला किती? चार कोटी बेडूक! एका वर्षात!

हे बेडूक शेतात असते, तर त्यांनी काय केले असते? बेडूक किडे खातो, टोळ खातो. मोठा बेडूक लहान खेकडेही खातो. कोकणातल्या शेतकऱ्याला खेकडा चांगला ठाऊक आहे. तो भाताची रोपे तोडतो आणि बांधाला बिळे पाडतो. बेडूक पगार न घेता रात्रभर पहारा करतो. पहारेकरी विकला, मग कीड वाढली की औषध विकत आणा. त्याला पैसे पडतातच. शिवाय बेडकाची कातडी पातळ व ओली असते. औषध त्या कातडीतून आत जाते आणि उरलेले बेडूकही मरतात.

मुंबईचे निसर्ग-अभ्यासक हुमायून अब्दुलअली यांनी या व्यापाराची बारकाईने माहिती गोळा केली. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १९८५ साली त्यांचा लेख आला. इतरांनीही आवाज उठवला. १९८७ साली भारत सरकारने ही निर्यात बंद केली. पण खाणाऱ्यांची भूक बंद झाली नाही. व्यापार इंडोनेशियासारख्या देशांकडे वळला.

पाय आणि पान

गोव्यात आणि आसपास पावसाळ्यात काही जण अजून बेडूक खातात. 'जंपिंग चिकन' असे त्याचे गमतीचे नाव आहे. कोणी म्हणेल, "आमच्या बापजाद्यांनी खाल्लं, आम्ही का नको?" प्रश्न रास्त आहे. पण बापजाद्यांच्या वेळी डबकी किती होती आणि आज किती आहेत? शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा मोठा बेडूक पकडणे व मारणे गुन्हा आहे. दंड होतो, तुरुंगही होऊ शकतो.

एक जुनी गोष्ट

पंचतंत्रात गंगदत्त नावाचा बेडकांचा राजा आहे. त्याचे भाऊबंदांशी वाकडे आले. रागाच्या भरात तो राहाटगाडग्याला धरून विहिरीबाहेर आला आणि एका सापाला घेऊन गेला. साप म्हणाला, "मी आत उतरेन, पण खायला काय?" गंगदत्त म्हणाला, "माझे भाऊबंद खा." सापाने भाऊबंद खाल्ले. मग मित्र खाल्ले. मग गंगदत्ताचा मुलगाही खाल्ला. शेवटी गंगदत्त थाप मारून कसाबसा बाहेर पळाला आणि परत गेलाच नाही. विहीर होती, पण आत आपले कोणी उरले नव्हते.

आपलेही तसेच झाले होते. थोड्या पैशासाठी आपण बाहेरच्या भुकेला घरात घेतले. गंगदत्ताहून आपण एवढेच शहाणे, की वेळेवर दार लावले. ऋग्वेदात बेडकांवर एक सूक्त आहे. त्यात बेडकांकडे गाईंचे धन आणि दीर्घ आयुष्य मागितले आहे. मागणी जिवंत बेडकाकडे आहे, कापलेल्या पायाकडे नाही.

आपण काय करावे?

घराभोवतीचे टायर, ड्रम, कुंड्या यांतले पाणी आठवड्याला ओतून टाका. त्यात डास वाढतात. पण गावचे तळे बुजवू नका आणि त्यात कचरा टाकू नका. बेडूक दिसला तर मुलांना दगड मारू देऊ नका. रात्री गाडी चालवताना ओल्या रस्त्यावर जरा जपून. बेडकाचा पाय बेडकालाच असू द्या. तेथेच त्याची किंमत सर्वांत जास्त आहे.

प्रश्न

१. बेडकाच्या पुढच्या व मागच्या पायांना किती बोटे असतात?
२. सेलवर 'व्होल्ट' का लिहितात?
३. दोन पायांचे वजन ५० ग्रॅम धरले, तर चाळीस लाख किलोसाठी किती बेडूक लागतील?
४. तुमच्या गावात पूर्वी किती तळी होती? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यांची नावे वहीत लिहा.